चिनी चहा घरपोच : स्वस्त किती, महाग किती?

चीनचा माल म्हटला की आपल्या बाजारात दोनच मते ऐकू येतात. एक, माल स्वस्त आहे. दुसरे, माल टिकत नाही. आम्ही कापडाच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ आहोत आणि ही दोन्ही मते अर्धवट आहेत हे अनुभवाने सांगू शकतो. माल स्वस्त की महाग हे त्याच्या चिठ्ठीवरून ठरत नाही. तो आपल्या हातात पडेपर्यंत काय खर्च झाला आणि हातात पडल्यावर किती दिवस उपयोगी पडला, यावरून ठरते.

हे लिहिण्याचे कारण असे की, आमचा भाचा शीवच्या आमच्या दुकानात एक योजना घेऊन आला. त्याची नोकरी सुटली होती. मोबाईलवर त्याने चीनमधील एका लहान ऑनलाइन दुकानाची पाने उघडून दाखवली. पन्नास ग्रॅम चहा शंभर-दीडशे रुपयांत, चिनीमातीचा झाकणाचा पेला तीनशेत, मातीची छोटी किटली सातशेत. तो म्हणाला, "मामू, हाच माल इथे तिप्पट भावाने विकतात. आपण थेट मागवू. आधी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायच्या, पैसे घ्यायचे आणि मग तिकडे माल नोंदवायचा. भांडवल फारसे लागणार नाही." तरी जे भांडवल लागणार होते ते त्याच्या आईचे, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचे होते. बीसीतून जमवलेले दीड लाख रुपये. ते तिने धाकट्या मुलीच्या लग्नासाठी ठेवले होते. बहीण आम्हाला एवढेच म्हणाली, "भाईजान, तुम्ही हो म्हणाल तर देते."

दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नाच्या पैशावर हो किंवा नाही म्हणणे ही मोठी जबाबदारी असते. म्हणून आम्ही आधी सर्व बाजूंनी माहिती घेतली आणि थोडा माल स्वतः मागवून पाहिला. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. घरी पिण्यासाठी मागवणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल आणि धंदा करू पाहणाऱ्या तरुणांनाही होईल.

जुने नाते

चहा हा शब्दच चिनी आहे. आपण मराठीत चहा म्हणतो, उर्दू-फारसीत चाय म्हणतात, दोन्हींचे मूळ चिनी 'चा'. इ. स. ८५१ च्या सुमाराचा एक अरबी वृत्तांत सुलेमान सौदागराच्या नावाने ओळखला जातो. त्यात चीनमधील एका पाल्याचा उल्लेख आहे. लोक तो उकळत्या पाण्यात टाकून पितात, तो शहरोशहरी विकला जातो आणि त्याच्यावर राजाला उत्पन्न मिळते, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे चहावरचा कर ही काही आजची गोष्ट नाही.

मुंबईचा आणि चिनी चहाचा संबंध आमच्या धंद्यातून, म्हणजे कापसातून आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबई बंदरातून कापूस कँटनला जाऊ लागला आणि त्या पैशावर ईस्ट इंडिया कंपनी चहा खरेदी करून विलायतेला नेत असे. कंपनीचा हा मक्ता १८३३ च्या कायद्याने संपला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या चीनच्या व्यापारात कोकणी मुसलमान समाजातील महंमद अली रोघे हे भागीदार होते. त्या काळच्या चीन-व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हेही विसरून चालणार नाही. व्यापाराचा इतिहास सांगताना त्यातील हराम भाग झाकून ठेवणे बरे नव्हे.

तो चहा मुंबईकरांच्या पेल्यात फारसा आला नाही. आपण जो दूध-साखरेचा चहा पितो तो आसामच्या मळ्यांचा. त्यातही बारीक गोळीदार सीटीसी, जो यंत्रात चिरडून, फाडून, वळवून तयार करतात. ही पद्धत आसामात १९३० च्या दशकात निघाली. कडक रंग, थोड्या पत्तीत भरपूर चहा. गिरणगावातल्या हॉटेलांत जे 'कटिंग' चालले ते असल्याच पत्तीवर. चिनी चहा ही वेगळी चीज आहे. तो दुधात टाकून उकळला तर पैसे वाया गेले समजावे.

चहाचे प्रकार

चीनमध्ये चहाचे सहा मुख्य वर्ग मानतात : हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, काळा (ज्याला ते लाल म्हणतात) आणि गडद, म्हणजे मुरवलेला. हे सहाही एकाच जातीच्या झुडपाच्या पानांचे असतात. फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याचे काय केले यावर. एकाच सुताचे कोरे, धुलाई केलेले आणि रंगवलेले कापड जसे वेगळे दिसते, तसेच हे आहे. पान लगेच तापवले तर ते हिरवे राहते. हवेत पूर्ण काळवंडू दिले तर काळा चहा होतो. मध्येच थांबवले तर ऊलाँग. ढीग करून, ओलावा देऊन मुरवले तर गडद चहा.

स्वस्तात आणि बिनधोक घेण्यासारखे प्रकार आम्हाला असे वाटतात :

युन्नान प्रांताचा काळा चहा. आपल्या जिभेला हा सर्वांत जवळचा. दुधाशिवायही गोडसर लागतो. सुलेमानी पिणाऱ्यांनी यापासून सुरुवात करावी.

मोगऱ्याचा चहा. हिरव्या चहावर मोगऱ्याच्या जातीची ताजी फुले पसरून सुवास भरतात आणि मग फुले काढून टाकतात. एसेन्स मारलेला मालही बाजारात असतो. त्याचा वास पाकीट उघडताच डोक्यात जातो आणि दुसऱ्या पाण्याला नाहीसा होतो. खऱ्या फुलांचा वास तिसऱ्या पाण्यापर्यंत राहतो. चहा मुळात हलालच आहे, परंतु सुवासिक म्हणून विकलेल्या चहात काय मिसळले आहे ते पाकिटावर वाचून घ्यावे.

फुजियान प्रांतातील आन्शी भागाचा तिएग्वानयिन ऊलाँग. रोजच्या वापराची प्रत परवडते.

पक्का म्हणजे 'शू' पुअर. ओलावा देऊन ढीग मुरवण्याची ही पद्धत युन्नानमध्ये १९७३ च्या सुमारास पक्की झाली. चव मातकट, पोटाला जड वाटत नाही. याची ठराविक चकती ३५७ ग्रॅमची असते.

आता सावध कुठे राहावे ते पाहा. हांगचौच्या पश्चिम सरोवराजवळचा लाँगजिंग हा हिरवा चहा नामांकित आहे. चिंगमिंगच्या सणापूर्वी, म्हणजे साधारण ५ एप्रिलच्या आधी तोडलेल्या पानांना फार मोठा भाव असतो. तो चहा दीडशे रुपयांना पन्नास ग्रॅम मिळत असेल तर तो त्या जागेचा नाही एवढे नक्की. तशीच गोष्ट 'वीस वर्षे जुना पुअर' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या मालाची. जुन्याला भाव असतो म्हणून नव्याला जुने ठरवण्याचा मोह विक्रेत्याला होतो. बनारसी म्हणून यंत्रावरची साडी खपवतात, त्यातलाच हा प्रकार.

भांडी

चिनी चहासाठी महागडा संच लागतो हा गैरसमज आहे. एक झाकणाचा पेला पुरे. त्याला ते 'गायवान' म्हणतात. खाली बशी, वर कटोरी, त्यावर झाकण. शंभर ते एकशेवीस मिलिलिटरचा घ्यावा. त्यात पाने टाकायची, गरम पाणी ओतायचे, झाकण किंचित तिरके धरून चहा दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचा. गाळणी नको, किटली नको.

वाचकांना ठाऊक नसेल, पण चीनमधील हुई मुसलमानांच्या घरी पाहुण्यांचे स्वागत याच झाकणाच्या पेल्याने होते. निंगशिया आणि लान्चौ भागात ते चहात खडीसाखर, लाल बोरासारखे सुके फळ, लाँगान, गोजीचे दाणे वगैरे घालतात. त्याला 'आठ रत्नांचा चहा' म्हणतात. चिनीमातीवरच्या निळ्या नक्षीतही आपला वाटा आहे. त्या निळ्या रंगासाठी लागणारा कोबाल्ट एके काळी इराणकडून चीनला जाई आणि तिकडे त्याला मुसलमानी निळा म्हणत. मिंग घराण्यातील झंगद बादशहाच्या काळात (१५०६ ते १५२१) अरबी-फारसी अक्षरे लिहिलेली भांडीही तयार झाली.

पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यांसाठी जियांगशीतील जिंगदचन आणि फुजियानमधील दहुआ ही दोन नावे लक्षात ठेवावीत. चांगले भांडे उजेडासमोर धरले तर बोटांची सावली दिसते आणि टिचकी मारली तर स्वच्छ नाद येतो. चहा लागतो त्या बाजूला साधा पांढरा झिलईचा लेप असावा. आतून भडक रंग असलेले स्वस्त भांडे घेऊ नये, कारण हलक्या रंगांत शिसे असण्याचा धोका असतो. ज्या घरात सजीवांच्या आकृती चालत नाहीत त्यांनी ड्रॅगन-माशांची चित्रे टाळून साधा पांढरा संच घ्यावा. तो स्वस्तही पडतो.

किटलीची गोष्ट निराळी. जियांगसू प्रांतातील यिशिंग गावच्या जांभळट मातीच्या, लेप न दिलेल्या किटल्या प्रसिद्ध आहेत. ती माती सच्छिद्र असते, चहाचा अंश शोषून घेते, म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात. हाताने घडवलेली खरी किटली कुणी सातशे रुपयांत देत नाही. त्या भावात मिळते ती साच्यातली, रंग मिसळलेल्या मातीची.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या मागवणीत एक 'यिशिंग' किटली होती. ती आली तेव्हा झाकणाचा कड उडालेला होता. उकळते पाणी ओतून ठेवले तर तासाभराने पाणी विटकरी झाले. खळ दिलेले कापड धुतल्यावर जसे लुळे पडते तसे आमचे झाले. विक्रेत्याला फोटो पाठवले. चार पत्रे लिहिल्यावर त्याने अर्धे पैसे परत केले आणि बाकीच्यांबद्दल 'मातीचा स्वभाव' असे उत्तर दिले. ती किटली आता दुकानात पेनं ठेवण्याच्या कामी येते.

भाव पाकिटाचा नव्हे, पेल्याचा

कापडाचा भाव विचारणारे गिऱ्हाईक मीटर पाहते, पण जाणकार आधी पन्हा विचारतो. छत्तीस इंच पन्ह्याचे स्वस्त कापड शिवायला घेतले तर अठ्ठावन्न इंचाच्या महाग कापडापेक्षा महाग पडू शकते. चहाचेही तसेच आहे.

समजा ५० ग्रॅमचे पाकीट ४०० रुपयांचे आहे. किमतीवरून हा किलोला ८,००० रुपयांचा चहा झाला आणि आपण दचकतो. पण एका वेळी ५ ग्रॅम पाने लागतात, म्हणजे पाकिटात दहा बैठकी. चांगल्या ऊलाँगच्या त्याच पानांवर चार वेळा पाणी घालता येते. एका बैठकीला ४० रुपये, एका पाण्याला १० रुपये. एका पाण्यात दोन लहान पेल्या भरतात. दूध नाही, साखर नाही. याउलट १५० रुपयांचा चुरा पहिल्याच पाण्याला संपला तर ५ ग्रॅमला १५ रुपये पडले आणि चवही मिळाली नाही. म्हणून ओली पाने पाहावीत. चहा झाल्यावर ती ताटलीत पसरावीत. अख्खी, लवचिक पाने उलगडली तर माल चांगला. काड्या आणि तुकडे निघाले तर तो गोदामाचा झाडू.

हिरव्या चहावर उकळते पाणी ओतू नये. पाणी उकळून पाच-सात मिनिटे थांबावे. काळ्या चहाला व पुअरला मात्र उकळतेच लागते.

मुंबईकरांसाठी एक खास सूचना. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतील ओलावा चहाचा शत्रू आहे. गोदामातल्या ताग्यांना पावसाळ्यात जसे बुरशीचे डाग पडतात तशी पुअरच्या चकतीलाही बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोठी मागवणी करू नये.

सीमेवरचा हिशेब

शीव या नावाचाच अर्थ हद्द. मुंबई बेटाची हद्द इथे संपे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. हद्द ओलांडताना हिशेब द्यावा लागतो, मग ती बेटाची असो की देशाची. आमच्या भाच्याच्या योजनेत नेमका हाच हिशेब नव्हता.

घरी वापरण्यासाठी मागवलेले छोटे पार्सल आणि विक्रीसाठी आणलेला माल यांना कस्टमचे वेगवेगळे नियम लागू होतात. स्वतःच्या वापरासाठी पोस्टाने वा कुरियरने आलेल्या मालाचा एक ठरलेला दर असतो. तो अलीकडच्या अंदाजपत्रकांत बदलत गेला आहे, म्हणून मागवण्याच्या दिवशीचा दर पाहावा. हा कर नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही, वाहतूकखर्चही त्यात धरला जातो. त्यावर जीएसटी वेगळा. कुरियरवाले ओळखीची कागदपत्रे मागतात आणि आपली हाताळणी वेगळी लावतात. आमची मागवणी मालाची ४,२०० आणि वाहतूक १,८०० मिळून ६,००० रुपयांची होती. दारात पार्सल येईपर्यंत आणखी अडीच हजारांच्या वर गेले. शिवाय परदेशी चलनात कार्डाने पैसे भरताना बँक आपला अधिभार घेते तो निराळा.

काही विक्रेते आपणहून विचारतात, 'भेटवस्तू लिहू का? किंमत कमी दाखवू का?' याला साफ नाही म्हणावे. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधे सोडून भेटवस्तू म्हणून पोस्ट-कुरियरने माल सोडवण्याची सवलतच बंद झाली आहे. माल अडकतो, दंड होतो. आणि कायद्याचे सोडा, खोटी किंमत लिहून आणलेल्या चहात बरकत कुठून येणार?

विक्रीसाठी चहा आणायचा तर मूळ आयातशुल्कच शंभर टक्के आहे. आपल्या देशातील मळ्यांना संरक्षण म्हणून ते ठेवलेले आहे. समजा २,००० रुपये किलोने ५ किलो चहा घेतला. माल १०,००० रुपये, वाहतूक व विमा ४,००० रुपये. करासाठी किंमत धरली १४,०००. त्यावर तेवढेच शुल्क, म्हणजे झाले २८,०००. पन्नास ग्रॅमची शंभर पाकिटे केली तर एक पाकीट २८० रुपयांना पडले. चीनमध्ये ते शंभराचे होते. यात अधिभार, जीएसटी, एजंटाची फी, अन्नसुरक्षा खात्याची तपासणी, पाकीट आणि लेबल अजून धरलेले नाही. आयातीसाठी आयात-निर्यात कोड लागतो आणि खाद्यपदार्थ म्हणून अन्नसुरक्षा खात्याचा परवाना लागतो. चिनीमातीच्या जेवणाच्या भांड्यांवर २०१८ साली सरकारने वजनावर डम्पिंगविरोधी शुल्कही लावले होते. म्हणजे भांडी आणणाऱ्याने किमतीबरोबर असल्या अधिसूचनाही वाचत राहिले पाहिजे.

भाचा ज्यांना तिप्पट भावाने विकणारे म्हणत होता, त्यांची तिप्पट कुठे जाते ते या आकड्यांवरून समजले. घरच्या वापराचे पार्सल मागवून तो माल विकणे ही तर सरळ कायद्याची फसवणूक आहे.

लहान दुकान पारखावे कसे

२०२० साली सरकारने अनेक चिनी ॲपवर बंदी आणली. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसही त्यात आले. त्यानंतर उरली ती स्वतःच्या पानावरून विकणारी छोटी दुकाने आणि आपल्याकडील आयातदारांची दुकाने. लहान दुकान वाईट असते असे मुळीच नाही. पुष्कळदा मालकच चहा निवडतो आणि पत्राला स्वतः उत्तर देतो. पण पारख करावी :

१. चहाचा प्रांत, गाव, तोडणीचा हंगाम आणि साल लिहिले आहे का? नुसते 'उत्तम प्रत' लिहिलेले पाहून पैसे टाकू नयेत.

२. ओल्या पानांचा फोटो आहे का? ज्याला माल लपवायचा असतो तो कोरडी पानेच दाखवतो.

३. दहा किंवा पंचवीस ग्रॅमचा नमुना मिळतो का? नमुना न देणाऱ्या गिरणीचा तागा आम्ही घेत नाही.

४. फुटलेल्या मालाची भरपाई काय आणि किती दिवसांत, हे आधी लिहून घ्यावे. पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करावे.

५. दुकान भारतातील असेल तर चौदा अंकी अन्नसुरक्षा क्रमांक, आयातदाराचे नाव, मूळ देश आणि बिल पाहावे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मूळ देश दाखवणे आणि तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

चीनमधल्या दुकानावर यातला एकही उपाय प्रत्यक्षात चालत नाही. तिथे आपली सुरक्षा म्हणजे फक्त विक्रेत्याचे इमान. म्हणून पहिली मागवणी एवढीच करावी की बुडाली तरी घरात कुणाच्या ताटातली भाकरी कमी होऊ नये.

न पाहिलेल्या मालाचा सौदा

हातात कापड चोळून भाव करणाऱ्या आमच्यासारख्यांना न पाहता खरेदी करणे जड जाते. शरीअतनेही या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. हनफी मजहबात न पाहिलेली वस्तू घेणाऱ्याला ती पाहिल्यावर ठेवण्याचा वा परत करण्याचा हक्क आहे, त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. दोष निघाला तर खियार-ए-ऐब. आपले कोकणी बांधव शाफई आहेत. त्या मजहबात न पाहिलेल्या वस्तूच्या सौद्याबाबत अधिक सख्ती आहे आणि वर्णनावरचा सौदा, म्हणजे सलम, त्याच्या अटींनी करावा लागतो. पैसे आधी, आणि मालाचे माप, वजन, प्रत व मुदत पक्की ठरलेली. 'पन्नास ग्रॅम, अमुक गावचा, अमुक सालचा, अमुक दिवसांत' असे स्पष्ट लिहिणारे दुकान या कसोटीच्या जवळ जाते. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला भाग शोधून काढल्याचा आणि तो वर ठेवायला सांगितल्याचा हुजूर पैगंबरांचा प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. ओल्या पानांचा फोटो दाखवणे म्हणजे दुसरे काय?

भाच्याच्या योजनेतील खरी अडचण इथेच होती. जो माल आपल्या मालकीचा नाही, ताब्यात नाही, तो आधी विकायचा आणि मग आणायचा. हदीसमध्ये अशा विक्रीला मनाई आली आहे. त्यामागचे व्यवहारज्ञानही उघड आहे. समजा वीस गिऱ्हाईकांचे पैसे घेतले आणि पार्सल कस्टमला अडकले, तर तोंड कुणाला दाखवणार? मोहल्ल्यात एकदा गेलेली पत दीड लाखांत परत येत नाही. माल आधी घेऊन विका, किंवा गिऱ्हाईकाचे वकील म्हणून ठरलेली मजुरी सांगून आणून द्या, किंवा सलमच्या अटी पाळा. नेमका मसला आपापल्या आलिमांना विचारावा.

शेवटी काय ठरले

आमच्या साडेआठ हजारांच्या परीक्षेचा निकाल असा : युन्नानचा काळा चहा आणि मोगऱ्याचा चहा उत्तम, पुअर ठीक, लाँगजिंग नावाचा चहा जुना आणि बेचव, गायवान पैसे वसूल, किटली बाद. बहिणीने पहिली पेली पिऊन विचारले, "यात दूध कधी घालायचे?" तिसऱ्या पाण्याला मात्र तिने स्वतःहून पेली पुढे केली.

आम्ही आयातीला नाही म्हटले. बहिणीचे दीड लाख जिथे होते तिथेच आहेत. भाच्याला आम्ही पंधरा हजार रुपये बिनव्याजी दिले. त्याने अन्नसुरक्षेची नोंदणी केली आणि भारतातील आयातदाराकडून पक्क्या बिलावर दोन जातींचा चहा बंद पाकिटांत घेतला. सोबत पांढरे गायवान ठेवले. मातीच्या पेल्या त्याने परदेशातून आणल्या नाहीत. शीवच्या शेजारीच धारावीचा कुंभारवाडा आहे, तिथल्या कुंभारांकडून आणल्या. माल हातात असतो, मग विकतो. गिऱ्हाईकाला आधी दहा ग्रॅम पाजतो. नफा थोडा आहे, नोकरीच्या पगाराएवढा नाही, म्हणून तो नोकरीही शोधतो आहे. परंतु कुणाचे देणे नाही आणि कुणाला खोटे सांगितलेले नाही.

घरी पिण्यापुरता चिनी चहा मागवणाऱ्यांनी खुशाल मागवावा. थोडा मागवावा, नमुन्यापासून सुरुवात करावी, दारात पडलेली पूर्ण किंमत वहीत लिहावी आणि तिला पेल्यांनी भागावे. जो आकडा येईल तोच खरा भाव. आणि ज्या तरुणांच्या मनात असाच धंदा घोळत असेल त्यांनी आईच्या बांगड्यांना हात लावण्याआधी कस्टमचा तक्ता समोर घेऊन एक तास बसावे. त्या एका तासाने आमच्या घरातील एक लग्न वाचले आहे.